रस्त्याकडेचा पेट्रोल पंप : बारामती-इंदापूरच्या वाटेवर

पेट्रोल पंपाचा सर्वांत महत्त्वाचा भाग गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. पोलादी टाक्या, त्यांच्याभोवती दाबून भरलेली वाळू, टाकीपासून मशीनपर्यंत गेलेले पाइप हे सगळे जमिनीखाली असते. वर दिसते ते थोडेच : सिमेंटचा उंचवटा, त्यावर एक-दोन मशीन, मागे हिशेबाची खोली, हवेचा कॉम्प्रेसर, एखादे छत आणि लांबून दिसेल असा कंपनीचा फलक. पुणे-सोलापूर रस्त्याने यवत, पाटस, भिगवण मागे टाकत इंदापूरकडे जाताना, किंवा पाटसला वळून बारामतीची वाट धरल्यावर, असे पंप ठरावीक अंतराने येत राहतात. नवे पंप एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात. जुन्यांचा घाट मात्र जागेप्रमाणे बदलतो, आणि तो समजून घ्यायचा तर दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली आगीची भीती, दुसरी मापाबद्दलचा संशय. इंधन नजरेआड ठेवायचे आणि माप नजरेसमोर ठेवायचे, या दोन गरजांनी पंपाचा आराखडा ठरवला. शोभेचा विचार फार उशिरा आला, आणि तोही बहुधा कंपनीच्या जाहिरात खात्याकडून.

मोटारी आल्या तेव्हा पंप नव्हतेच. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली गाडी घेऊन मानहाइमहून निघाली, तेव्हा तिने वाटेत वीसलोख गावच्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतले. डाग काढायला वापरले जाणारे ते द्रव तिथे बाटलीने मिळे. तीन वर्षे आधी अमेरिकेत, फोर्ट वेन गावी, सिल्व्हेनस बाउझर या माणसाने किराणा दुकानदारासाठी रॉकेल मोजून काढणारा हातपंप तयार केला होता. मोटारीला तेल पाजणाऱ्या यंत्रांचा मूळपुरुष तोच. म्हणजे पंपाचा जन्म दिव्याच्या तेलासाठी झाला आणि मोटारीने तो पुढे उचलला.

भारतातही रॉकेल आधी आणि पेट्रोल मागून आले. रॉकेलचा चार गॅलनचा चौकोनी पत्र्याचा डबा खेडोपाडी पोहोचलेला होता, आणि रिकामा झाल्यावर तो पाणी भरायला, धान्य ठेवायला, कापून छपराला लावायला उपयोगी पडत असे. पेट्रोलही सुरुवातीला डब्यांतूनच विकले गेले. लांबच्या प्रवासाला निघणारा मोटारवाला डबे बरोबर बांधून घेई. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईकडे उडाले. अहमदाबादला त्यांच्या विमानात इंधन भरण्यात आले ते बर्मा-शेल कंपनीचे, आणि ते धावपट्टीवर आणले गेले बैलगाडीतून. विमान आणि बैलगाडी अशी शेजारी उभी राहण्यात त्या काळी कोणाला विसंगती वाटली नसावी. तेलाचा शेवटचा टप्पा तेव्हा बैलच ओढत होते.

बर्मा-शेलची भारतातली विक्री कंपनी १९२८ साली उभी राहिली. मुंबईतल्या ह्यूजेस रोडवर, म्हणजे आजच्या सीताराम पाटकर मार्गावर, त्याच वर्षी देशातला पहिला पेट्रोल पंप सुरू झाल्याचे सांगितले जाते. १९३० च्या दशकात रस्त्यापासून थोडे आत सरकून, गाडी एका बाजूने शिरेल आणि दुसऱ्या बाजूने निघेल अशा जागा बांधल्या जाऊ लागल्या. ही सुधारणा साधी दिसते, पण पंपाच्या वास्तूची खरी सुरुवात तिच्यातच आहे. त्याआधी यंत्र रस्त्याच्या कडेला, दुकानाच्या दारात उभे असे आणि गाडी भर रस्त्यात थांबे. गाडी आत घ्यायची म्हटल्यावर वळण, उतार, पाणी निघून जायला जागा, मागे खोली असा आराखडा करणे भाग पडले.

त्या काळच्या हातपंपाची रचना पाहण्यासारखी होती. उंच खांबाच्या डोक्यावर काचेची बरणी बसवलेली असे आणि तिच्या अंगावर गॅलनच्या खुणा असत. पंपावरचा माणूस दांडा मागेपुढे करून जमिनीखालच्या टाकीतले पेट्रोल बरणीत चढवी. गिऱ्हाईक डोळ्यांनी पाही, खुणेपर्यंत भरल्याची खात्री करी, आणि मग तोटी सोडली की पेट्रोल स्वतःच्या वजनाने नळीतून गाडीत उतरे. काही यंत्रांना दोन बरण्या असत. एक रिकामी होत असताना दुसरी भरायची. पुढे काच गेली आणि तिच्या जागी फिरत्या आकड्यांची तबकडी आली. १९३० च्या दशकात अमेरिकेत लिटरमागची, म्हणजे तिकडे गॅलनमागची, किंमत धरून रक्कमही आपोआप दाखवणारी यंत्रे निघाली, आणि हिशेबाची वही गिऱ्हाइकासमोरून हलली. काचेची बरणी मात्र लोकांच्या मनात बराच काळ राहिली. तिच्यात दिसणाऱ्या मापावर जितका विश्वास बसे, तितका आकड्यांवर बसायला वेळ लागला.

इंधन नजरेआड ठेवण्याची सक्ती कायद्याने केली. १९३४ चा पेट्रोलियम कायदा आणि त्याखालचे १९३७ चे नियम यांनी पेट्रोल कुठे, किती आणि कसे साठवायचे हे ठरवून दिले. नियम पुढे १९७६ आणि २००२ साली नव्याने लिहिले गेले, पण मूळ विचार बदलला नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, तर जमिनीलगत पसरते आणि खड्डा मिळाला की तिथे साचते. म्हणून पंपाला तळघर नको, बंदिस्त भिंती नकोत, मशीनजवळ खोलगट जागा नको. टाकीतली वाफ बाहेर पडण्यासाठी जे उभे नळ दिसतात, त्यांचे तोंड जमिनीपासून किमान ४ मीटर उंच आणि बारीक तारेच्या जाळीने झाकलेले असावे लागते. जाळीमुळे बाहेरची ज्योत आत शिरत नाही. एका रांगेत उभे असलेले हे तीन-चार बारीक नळ हा जुना पंप ओळखायची पक्की खूण आहे. इमारत पडली, फलक गेला, तरी कुंपणाच्या कोपऱ्यात ते उभे असतात. परवाना देणाऱ्या केंद्रीय विस्फोटक खात्याचे मुख्यालय नागपूरला आहे, आणि त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांचे ना-हरकत पत्र लागते. पंपाचा नकाशा मंजूर होतो तो आधी आगीच्या दृष्टीने. दिसण्याबद्दल कोणी विचारत नाही.

तरी जगात काही ठिकाणी दिसण्याबद्दल विचारले गेले. कोपनहेगनजवळ स्कोव्हशोव्हेड इथे अर्ने याकोबसन यांनी १९३० च्या दशकात एकाच खांबावर तोललेले लंबगोल छत केले. त्याखाली आजही पेट्रोल मिळते. इरिट्रियातल्या अस्मारा शहरात जुझेप्पे पेत्ताझ्झी या इटालियन अभियंत्याने १९३८ साली विमानासारखा पंप बांधला. त्याचे काँक्रीटचे दोन पंख खाली एकही खांब नसताना दोन्ही बाजूंना सुमारे १५ मीटर पसरलेले आहेत. अमेरिकेत टेक्साको कंपनीसाठी वॉल्टर डॉर्विन टीग यांनी पांढऱ्या चकचकीत पत्र्याची, हिरव्या पट्ट्यांची चौकोनी पेटी आखून दिली आणि ती गावोगाव तशीच उभी राहिली. या तिघांपैकी टीगचा प्रकार सर्वांत कमी देखणा, पण परिणाम त्याचाच सर्वांत मोठा झाला. पंप ही कंपनीची जाहिरात आहे, आणि जाहिरात सगळीकडे सारखी दिसली पाहिजे, हे तेलकंपन्यांनी त्यातून घेतले.

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी ही कल्पना पोहोचली ती गवंड्याच्या हातून. कंपनीकडून यंत्र, टाकी, रंग आणि फलक येत. खोली आणि छत बांधायचे काम बहुधा स्थानिक माणूस करी, निदान जिथे जागा पंपचालकाची असे तिथे. धंद्याच्या भाषेत अशा जागेला ‘बी साइट’ म्हणतात. जमीन आणि बांधकाम कंपनीचे असेल तर ‘ए साइट’. जुन्या पंपांच्या घाटात फरक दिसतो त्याचे एक कारण हेच. कुठे घडीव दगडाच्या भिंतीवर मंगलोरी कौले, कुठे गोल कोपऱ्याची सिमेंटची खोली, कुठे खोलीच्याच छपराचा पुढे काढलेला सज्जा आणि त्याच्या सावलीत एक मशीन. पुष्कळ ठिकाणी छत नसेच. उन्हाळ्यात चाळिशीपार जाणाऱ्या या भागात मशीनवर आणि माणसावर थेट ऊन पडे, आणि पंपावर काम करणारे डोक्याला उपरणे बांधून उभे असत. मोठे लोखंडी छत, ज्याला आता सगळे कॅनोपी म्हणतात, ते सरसकट दिसू लागले गेल्या तीसेक वर्षांत. सावलीपेक्षा त्याचा खरा उपयोग रात्री होतो. खालून दिवे लावलेले छत काळोखात दोन-तीन किलोमीटरवरून दिसते.

फलकांचे रंग बदलण्याची कहाणी राजकीय आहे. स्वातंत्र्यानंतर पाव शतकाहून अधिक काळ रस्त्यांवर परदेशी नावे होती : बर्मा-शेल, स्टॅनव्हॅक म्हणजे पुढची एस्सो, कॅल्टेक्स. तुर्भे-माहुलच्या किनाऱ्यावर स्टॅनव्हॅकची रिफायनरी १९५४ साली आणि बर्मा-शेलची १९५५ साली सुरू झाली, आणि पुणे जिल्ह्याला लागणारे इंधन मुंबईतच तयार होऊ लागले. सरकारी इंडियन ऑइल कंपनी १९५९ ची; १९६४ साली ती महामंडळ झाली. मग १९७४ मध्ये एस्सो सरकारने ताब्यात घेतली आणि हिंदुस्थान पेट्रोलियम जन्माला आली. १९७६ मध्ये बर्मा-शेल गेली आणि पुढच्या वर्षी तिचे नाव भारत पेट्रोलियम झाले. कॅल्टेक्स १९७६ च्या अखेरीस सरकारकडे आली व १९७८ साली हिंदुस्थान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. चार-पाच वर्षांत सगळ्या महामार्गांवरचे पंप नव्या रंगात न्हाले. इमारती, माणसे, मशीन तीच राहिली. जुन्या भिंतीवरचा रंग खरवडला तर एकाखाली एक तीन कंपन्यांचे थर निघावेत, अशी ठिकाणे त्या काळी सर्वत्र होती.

इथपर्यंतची कहाणी कुठल्याही जिल्ह्याची असू शकते. बारामती आणि इंदापूरमध्ये तिला वेगळे वळण मिळाले ते पाण्याने. भाटघर धरणातून निघालेला नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दुष्काळी पट्ट्यात आला, आणि १९२८ च्या सुमारास भाटघरचे नवे, मोठे धरण पुरे झाल्यावर त्याचे पाणी वाढले. पाण्यामागे ऊस आला, उसामागे आधी गुऱ्हाळे आणि मग कारखाने. वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यात कळंबजवळ साखर कारखाना काढला आणि वालचंदनगर वसले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती हे सहकारी कारखाने उभे राहिले. दौंडहून बारामतीला १९१४ पासून अरुंद रुळांची रेल्वे होती, पण ऊस शेतातून गव्हाणीपर्यंत नेणे हे रेल्वेचे काम नव्हते. ते आधी बैलगाडीचे होते, मग ट्रकचे आणि ट्रॅक्टरचे.

कालव्याचे पाणी जिथे पोहोचत नव्हते तिथे विहिरीवर तेलाचे इंजिन आले. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी पुण्यात खडकीला १९४६ साली स्थापन झाली, आणि वीज वाड्यावस्त्यांवर पोहोचेपर्यंतची दोन-अडीच दशके तिच्या आणि तिच्यासारख्या इतर इंजिनांनी मोटेची जागा घेतली. विहिरीच्या काठावर ठकठक वाजणारे ते इंजिन डिझेलवर चाले. त्यामुळे या भागातल्या पंपाचे गिऱ्हाईक फक्त रस्त्यावरून जाणारे नव्हते. सायकलीच्या कॅरिअरला डबा बांधून येणारा शेतकरीही त्याचे गिऱ्हाईक होता, आणि संख्येने तो मोटारवाल्यापेक्षा जास्त असावा. पंपाच्या रचनेत त्याचाही ठसा उमटला. डिझेलचे मशीन पेट्रोलच्या मशीनपासून दूर, आवाराच्या रुंद बाजूला. ट्रक-ट्रॅक्टर वळवायला समोर मोकळी मुरमाड जागा. आणि डबे, बॅरल भरायला एक कडेचा कोपरा. शहरातला पंप मोटारीच्या मापाने आखलेला असतो, इथला ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्यांच्या मापाने.

गळिताचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. त्या काळात डिझेलचा खप एकदम चढतो. ऊसवाहतुकीचे ठेकेदार रोजच्या रोज रोकड घेऊन हिंडत नाहीत. कारखाने वाहतूकदाराला डिझेलची चिठ्ठी देतात, पंपावर चिठ्ठी दाखवून तेल घ्यायचे आणि पैसे वाहतुकीच्या बिलातून वळते करायचे, अशी पद्धत साखरपट्ट्यात सर्वत्र रूढ आहे. त्यासाठी पुष्कळ कारखान्यांनी स्वतःचेच पंप काढले, आणि ठिकठिकाणच्या खरेदी-विक्री संघांनीही काढले. खताची गोणी, बियाण्याची पिशवी आणि डिझेलचा डबा एकाच संस्थेतून, एकाच खात्यावर. पंपचालक म्हणजे परवाना मिळालेली एखादी खासगी व्यक्ती, या चित्राला सहकाराच्या मुलखात अशी जोड आहे. एसटीने मात्र स्वतःची सोय वेगळी ठेवली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सोडणाऱ्या या सेवेने आगारातच डिझेलच्या टाक्या बसवल्या. म्हणून बारामती-इंदापूरच्या लाल गाड्या रस्त्यावरच्या पंपावर रांगेत सहसा दिसत नाहीत.

पंपापर्यंत तेल येण्याची वाटही बदलत गेली. पूर्वी ते मुंबईहून रेल्वेच्या टँक वाघिणींतून येई. मुंबई-पुणे तेलवाहिनी १९८५ च्या सुमारास सुरू झाल्यावर लोणी काळभोरच्या साठवण केंद्राचे महत्त्व वाढले, आणि पुढे वाहिनी सोलापूरजवळ पाकणीपर्यंत गेली. टँकर पंपावर येतो तो प्रसंग आजही जवळून पाहावा असा. आधी टँकर सपाट जागी उभा करून काही वेळ तसाच ठेवतात, म्हणजे हिंदकळलेले तेल स्थिर होते. विजेचा साठा जमिनीत उतरावा म्हणून त्याला तारेने जमिनीशी जोडतात. मग झाकण उघडून कप्प्यात डिपची पट्टी बुडवतात, ओली रेघ वाचतात आणि पावतीशी ताडून पाहतात. पट्टीच्या टोकाला एक लेप लावतात. तळाशी पाणी असेल तर तेवढ्या भागात त्याचा रंग बदलतो. काचेच्या उंच भांड्यात नमुना घेऊन घनतामापक सोडतात, तापमान मोजतात, आणि तक्त्यावरून ती घनता १५ अंश सेल्सिअसला किती होईल हे काढतात. पेट्रोलची ही घनता दर घनमीटरला ७२० ते ७७५ किलोच्या दरम्यान असावी लागते, आणि पावतीवरच्या आकड्यापासून ३ किलोपेक्षा जास्त ढळली तर टँकर खाली करायचा नाही. एवढे सगळे झाल्यावर नळी जोडली जाते.

तापमानाचा मुद्दा गिऱ्हाइकांतही फार चर्चेचा असतो. पेट्रोल तापले की फुगते. १० अंशांच्या फरकाने १० हजार लिटरमागे शंभर लिटरच्या आसपास फरक पडतो. म्हणून पहाटे पेट्रोल भरले तर जास्त मिळते, असे पुष्कळ लोक खात्रीने सांगतात. टँकरच्या बाबतीत या हिशेबात तथ्य आहे, आणि पंपचालकाला त्याचा फटका बसतोही. मोटारसायकलवाल्याच्या बाबतीत मात्र नाही. टाकी जमिनीखाली असल्याने दिवस-रात्रीचा फरक तिच्यापर्यंत फारसा पोहोचत नाही. आगीसाठी पुरलेली टाकी इथे मापाच्याही कामी आली.

मापात पाप हा आरोप पंपाला जुना आहे, आणि त्यावरचे उपायही तितकेच जुने. गॅलन जाऊन लिटर आला तो १९५६ च्या कायद्यानंतर, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने. एका इंपीरियल गॅलनमध्ये साडेचार लिटरहून थोडे जास्त बसत असल्याने भावाचा अंदाज काही काळ गिऱ्हाइकाच्या हातून सुटला असणार. आज प्रत्येक पंपावर ५ लिटरचे शिक्क्याचे माप ठेवावे लागते. कोणाही गिऱ्हाइकाने मागितले तर त्यात तेल काढून दाखवणे बंधनकारक आहे, आणि २५ मिलिलिटरपर्यंतची तूट-वाढ कायदा चालवून घेतो. मशीनच्या मापयंत्रावर वजनमापे निरीक्षकाचे शिशाचे सील असते. गाळणकागदावर पेट्रोलचा थेंब टाकून तो डाग न ठेवता उडतो का, हेही पाहता येते. आणि या सगळ्याच्या आधीचा, रोजचा, साधा उपाय म्हणजे पंपावरच्या पोराचे ‘शून्य बघा’ हे दोन शब्द. आकडे चाकांवर फिरत होते त्या काळी शून्य करायला बाजूची कळ फिरवावी लागे आणि खट्ट असा आवाज होई. भाव बदलला की आतल्या दातेरी चाकांची जुळणी बदलावी लागे. भाव क्वचित बदलत तोवर ते जमले. पेट्रोलचा भाव २०१० साली आणि डिझेलचा २०१४ साली सरकारी नियंत्रणातून सुटला, जून २०१७ पासून तो रोज बदलू लागला, आणि यांत्रिक आकड्यांचे दिवस संपले.

लार्सन अँड टुब्रो, मिडको अशा कंपन्यांची जुनी मशीन इथल्या हवामानाला आणि विजेच्या लहरीपणाला जुळवून घेणारी होती. वीज गेली की बाजूला दांडा लावून ती हाताने फिरवता येत. भारनियमनाच्या वर्षांत ग्रामीण पंपांवर हे दृश्य नेहमीचे होते : एक जण नोझल धरून उभा, दुसरा घाम गाळत दांडा फिरवतोय, आणि लिटरचा आकडा त्याच्या हाताच्या लयीने पुढे सरकतोय. याच मशीनशेजारी दोन-स्ट्रोक गाड्यांसाठी ऑइल मोजायचे छोटे भांडे असे. लूना, बजाजची स्कूटर, एम-८० यांच्या टाकीत पेट्रोलबरोबर ठरलेल्या प्रमाणात ऑइल ओतावे लागे, आणि ओतल्यावर गिऱ्हाईक गाडी दोन्ही बाजूंना हलवून ते मिसळून घेई. त्यासाठी मशीनपुढे थोडी जास्त जागा लागे. निळा धूर आणि ते भांडे, दोन्ही आता गेले.

सगळ्यात मोठा धक्का रस्त्यानेच दिला. पुणे-सोलापूर हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ९, आताचा ६५, दुपदरी होता तेव्हा पंप कुठल्याही बाजूला असला तरी दोन्हीकडची वाहने त्याच्याकडे वळत. चौपदरीकरण झाले, मध्ये दुभाजक आला, आणि प्रत्येक पंपाचे अर्धे गिऱ्हाईक पलीकडच्या रस्त्यावर अडकले. इंदापूरला बाहेरून वळणरस्ता झाल्यावर गावातून जाणाऱ्या जुन्या रस्त्याची लांबची वाहतूक तुटली. महामार्गाचे निकषही कडक झाले. नव्या पंपाला साधारण ३५ मीटर दर्शनी रुंदी आणि तेवढीच खोली, आत शिरण्यासाठी ७० मीटरची वेग कमी करायची मार्गिका, बाहेर पडण्यासाठी १०० मीटरची वेग वाढवायची मार्गिका, आणि रस्ता व आवार यांच्यामध्ये हिरवळीचा दुभाजक. हे निकष अपघात टाळण्यासाठी योग्यच आहेत, पण त्यांत जुना, अरुंद, रस्त्याला चिकटलेला पंप कुठेच बसत नाही. कित्येकांनी पुढची जागा रुंदीकरणात दिली, मशीन मागे सरकवले, आणि उरलेल्या आवारात ट्रॅक्टर कसाबसा वळतो.

पाटस-बारामती-इंदापूर हा रस्ता संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मार्ग म्हणून, राष्ट्रीय महामार्ग ९६५-जी या क्रमांकाने रुंद झाला आहे. आषाढात या वाटेवरच्या पंपांवर वेगळीच गर्दी असते. दिंड्यांबरोबर सामानाचे ट्रक, टेंपो, पाण्याचे टँकर चालतात; त्यांना डिझेल लागते, आणि वारकऱ्यांना पाणी आणि टेकायला सावली. रुंद आवार आणि मोठे छत असलेला पंप विसाव्याला सोयीचा, पण तिथे चूल किंवा गॅस पेटवता येत नाही. त्यामुळे दिंडीचा स्वयंपाक पंपाच्या हद्दीपासून लांब, शेताच्या बांधाला लागतो.

उसाने या पंपांना एकदा डिझेलचे गिऱ्हाईक दिले होते, आता तो त्यांच्या टाकीतच उतरला आहे. मळीपासून केलेले इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे देशातले प्रायोगिक प्रकल्प २००१ साली सुरू झाले, त्यांतले दोन महाराष्ट्रात, मिरज आणि मनमाडला. २००३ पासून काही राज्यांत ५ टक्के मिश्रण आले आणि अलीकडे ते २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. कारखान्यांना त्याचा लाभ उघड आहे. पंपाच्या बांधकामावर झालेला परिणाम कमी बोलला जातो. नुसत्या पेट्रोलच्या टाकीत पाणी झिरपले तर ते तळाशी वेगळे बसते आणि डिपमध्ये सापडते. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी एका मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली उतरते, वर राहते ते हलके पेट्रोल, आणि गाड्या बंद पडून तक्रारी येतात. पावसाळ्यात आवारात पाणी साचू देणारे जुने उतार, टाकीच्या तोंडाची सैल झाकणे, गंजलेले पाइप हे दोष पूर्वी खपून जात, ते आता खपत नाहीत. जुन्या पंपांची आवारे गेल्या काही वर्षांत उकरून पुन्हा बांधली गेली, त्यामागे नव्या कॅनोपीच्या हौसेइतकेच हेही कारण आहे.

पंप बंद करायचा झाला तरी नुसते कुलूप लावून चालत नाही. टाकीतले उरलेले तेल उपसावे लागते, आतली वाफ काढून टाकी वायुमुक्त झाल्याची खात्री करावी लागते, आणि मग ती उकरून न्यावी लागते किंवा नियमाप्रमाणे निकामी करावी लागते. त्यानंतर परवाना परत. ज्या जागेवर पंप होता तिथे घर किंवा मंगल कार्यालय बांधण्याआधी हे कागद पाहून घ्यावेत. रिकाम्या टाकीत राहिलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते, कारण तिच्याबरोबर आत हवाही असते.